दोन बोटं शेपूट

भिकाजी तळेकर कशाकशाला घाबरत नाही, असं विचारलं असतं तर यादी लवकर संपली असती. तो कुत्र्याला घाबरे, लिफ्टला घाबरे, पोलिसाला घाबरे. पोस्टमनने तार आणली तर ती फोडायच्या आधीच रडायला बसे. वाकोल्याच्या चाळीतल्या त्याच्या खोलीला आतून दोन कड्या होत्या, आणि दोन्ही लागल्यात की नाही हे तो झोपायच्या आधी तीनदा बघे. बायको वनमाला म्हणायची, "चोर येवन काय नेतलो? तुमका?" भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण ब्रह्मराक्षसालाही या माणसाचा कंटाळा आला असता. आधीच घाबरलेल्याला घाबरवण्यात काय मजा?

आणि दैव असं खट्याळ की अशा माणसाला नोकरी लागली ती समुद्रावर.

त्याआधी सोळा वर्षं तो परळच्या एका मिलमध्ये साचे चालवत होता. बंद दाराच्या आत, घट्ट जमिनीवर, चार साच्यांच्या मध्ये उभं राहून कापड विणायचं, हे त्याला मानवलेलं. ब्याऐंशी साली संप झाला. त्या संपाचं काय झालं ते मुंबईला सांगायला नको. भिकाजीचा साचा काही पुन्हा चालू झाला नाही. वर्षभर त्याने गोरेगावच्या एका स्टुडिओत फळ्या वाहिल्या, सकाळी राजवाडे उभे केले आणि संध्याकाळी मोडले. मग गावच्या ओळखीने अंधेरीच्या एका सरकारी ऑफिसात रोजंदारीवर चिकटला. ऑफिस समुद्राची तपासणी करणारं. भिकाजीला वाटलं, तपासणी म्हणजे कागदावर असणार. पहिल्याच आठवड्यात त्याला होडीत बसवलं.

पोहायला येतं का, असं कुणी विचारलंही नाही. कोकणातला म्हटलं की लोक गृहीतच धरतात. पण भिकाजीचं गाव कणकवलीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. तिथल्या वहाळात, म्हणजे ओढ्यात, म्हैस बसली तर पाणी बाहेर सांडायचं. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत, आणि तोही लांबूनच बरा वाटला.

काम असं होतं. अंधेरीपासून बोरीवलीपर्यंत इमारतींवर इमारती उठत होत्या. एवढ्या माणसांचं सांडपाणी नळातून लांब समुद्रात सोडलं तर ते बाहेर वाहून जाईल की भरतीबरोबर परत दारात येईल, हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. वर्सोव्यासमोर, होडीने तासाभराच्या वाटेवर एक खडकाळ बेट आहे, कोळी त्याला 'म्हातारी' म्हणतात. त्या बेटाच्या चारी बाजूंचा तळ आणि पाणी तपासायचं ठरलं. एक लोखंडी जबडा दोराने खाली सोडायचा. तो तळाला टेकला की मिटतो आणि वर येताना पसाभर गाळ घेऊन येतो. तो गाळ भिकाजीने पिशवीत भरायचा, सुतळीने तोंड बांधायचं, चिठ्ठी लावायची. बेटाच्या उत्तरेला काळा, लोण्यासारखा मऊ गाळ. दक्षिणेला रेती आणि शिंपल्यांचा चुरा. मग बाटल्यांत पाणी भरायचं, त्याचं तापमान घ्यायचं, एक पांढरी थाळी पाण्यात सोडून ती किती खोलवर दिसेनाशी होते ते बघायचं. दोन वर्षांत भिकाजी हे सगळं सफाईने करायला शिकला. भीती मात्र तसूभर कमी झाली नाही. होडीत तो नेहमी मधोमध बसे आणि एका हाताने मशीनच्या लाकडी झाकणाला धरून राही, जणू होडी बुडाली तरी ते झाकण तेवढं राहणार होतं.

होडी दशरथ नाखव्याची. दशरथ वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला, पन्नाशीचा, बोलायला कमी. म्हावऱ्याचे दिवस पातळ झाले होते, म्हणून तपासणीच्या भाड्यावर त्याचं घर बरंचसं चालत होतं. मशीनवर त्याचा मेव्हणा लहू. या होडीवर एक नियम होता, आणि तो सगळ्या कोळीवाड्याचाच होता: नाखव्याने सांगितल्याशिवाय दोराला कुणी हात लावायचा नाही. दोर गेला तर तो कुणी बांधला होता हे बंदरावर कुणी विचारत नाही. नाखव्याचा दोर गेला, एवढंच म्हणतात, आणि मग त्याच्याबरोबर समुद्रावर जायला खलाशी मिळत नाहीत.

साल शहाऐंशी, माघातली पौर्णिमा उलटून दोन दिवस झालेले. उधाणाचे दिवस, भरतीही मोठी आणि ओहोटीही मोठी. पाणी सगळ्यात जोरात धावतं ते याच दिवसांत, आणि बोडस साहेबांना नेमकं तेच मोजायचं होतं. तपासणीवरचे हे अधिकारी, नंदकुमार बोडस, मुलुंडहून येत. माणूस हुशार, दुष्ट मुळीच नाही, पण घड्याळाचा गुलाम. त्या दिवशी बेटाच्या अलीकडे एकाच जागी नांगर टाकून सकाळी साडेसहापासून तेरा तास बसायचं आणि दर तासाला सगळी मोजमापं घ्यायची होती; पाण्याचा वेग मोजायला ऑफिसचं एक परदेशी यंत्र मागून तारेने पाण्यात सोडायचं होतं. एक तास जरी चुकला तरी अख्खा दिवस फुकट.

जागेवर पोचले आणि दशरथच्या लक्षात आलं की नांगराचा दोर होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, घासून झिजलाय. दोन पेड तर तुटलेच होते. नायलॉनचा नवा दोर, पण घासणीपुढे नवं काय आणि जुनं काय.

"साहेब, मना दुसरा दोर आनू दे," दशरथ सुकाणूवरून ओरडला. "दोन तासांत जाऊन येतंय."

"दोन तास? नाखवा, साडेसहाला पहिलं रीडिंग आहे!" बोडसांनी घड्याळ दाखवलं. "तेवढा भाग कापून जोडता नाही का येणार?"

"येल. पन मना तिकडं येऊ दे. लहू, सुकाणू धर."

लहू मशीनमध्ये कोपरापर्यंत अडकलेला. पाण्याची ओढ होडीला खडकाकडे नेत होती, सुकाणू सोडायची सोय नव्हती. बोडसांचा धीर सुटला. त्यांनी मागे वळून पाहिलं. "भिकाजी, तू मिलमध्ये होतास ना? गाठी येतात ना तुला? बांध आणि सोड."

दोन वर्षांत त्या होडीवर भिकाजीला काय येतं हे कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. गाठी? अहो, सोळा वर्षांत त्याने किती गाठी मारल्या असतील याचा हिशेब ब्रह्मदेवाकडेही नसेल. साच्यावर सुताची तार तुटली की विणकर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडतो. ती गाठ एवढीशी, चपटी, आणि ओढाल तितकी घट्ट बसते. भिकाजी उठला, झिजलेला भाग कापला, दोन टोकं जुळवली आणि तीच गाठ मारली. ओढून बघितली. दगड! मग गाळाच्या पिशव्या कापायची पाती घेऊन दोन्ही टोकांची शेपटं छाटून टाकली, कारण विणकराचा हात ती छाटल्याशिवाय थांबतच नाही. मिलमध्ये शेपूट राहिलं तर ते फणीत अडकतं, कापडात खोट येते आणि जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, सगळ्यांसमोर आईबाप काढतो. इथे दोर जाड म्हणून त्याने दोन बोटं शेपूट ठेवलं. त्याला वाटलं, भरपूर ठेवलं.

दशरथ सुकाणूवरून काही म्हणायच्या आत नांगर पाण्यात गेला. दोर ताणला गेला तेव्हा गाठ होडीच्या टोकापासून हातभर पुढे, पाण्यावर, हवेत येऊन थांबली. "झकास!" बोडस म्हणाले. भिकाजीला मनातून फार बरं वाटलं. हा त्या दिवसातला शेवटचा बरा क्षण.

आठच्या सुमारास बादलीने पाणी काढायला तो नाळीपाशी गेला तेव्हा सहज नजर गेली. शेपटं दोन बोटांची नव्हती. त्याने डोळे मिचकावले, स्वतःची बोटं डोळ्यांसमोर धरून बघितली. दीड भरत होतं, फार तर पावणेदोन. कापसाचं सूत एकमेकांना चावतं. नायलॉन ओला झाला की साबण. भिकाजीने सोळा वर्षांत नायलॉनला हात लावला नव्हता. तो तिथेच बसला.

सांगायला काय जात होतं? असं आपण म्हणतो, जमिनीवर बसून. भिकाजीचं नाव एक एप्रिलला पर्मनंट व्हायच्या यादीत होतं, आणि शिफारस बोडसांची. गेल्याच महिन्यात त्याच्या हातून एक थर्मामीटर फुटला होता, तेव्हा बोडस म्हणाले होते, "आता आणखी एक चूक झाली तर माझे हात बांधलेले आहेत, भिकाजी." घरी दोन पोरी शाळेत. संपाच्या वर्षी वनमाला मंगळसूत्रातला एकेक मणी विकत होती तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला होता. ते दिवस परत यायची त्याला समुद्राइतकीच भीती होती. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर, आणि भिकाजीला दोन्हीकडे पोहता येत नव्हतं.

सकाळभर भरती होती. पाण्याची ओढ किनाऱ्याकडे, बेटापासून दूर. दोर सुटलाच असता तर होडी मोकळ्या पाण्यात गेली असती, मशीन चालू करून परत आली असती. तरी भिकाजीचा जीव थाऱ्यावर नव्हता. दर तासाला रजिस्टरमध्ये सगळं लिहिलं जात होतं: पाण्याची उंची, वेग, दिशा, तापमान, थाळी कुठे दिसेनाशी झाली ते. एका गोष्टीचा रकाना तेवढा नव्हता. ती भिकाजी मनात लिहीत होता. दहा वाजता दीड बोट. बाराला सव्वा.

साडेबाराच्या पुढे पाणी थबकलं. भरती संपली, ओहोटी अजून सुरू व्हायची होती. ताणलेला दोर सैल पडला, वाकला. भिकाजीने ते पाहिलं आणि त्याला रडू येईल इतकं हायसं वाटलं. आता दोर हातभर आत ओढायचा, गाठ सोडायची, वीतभर शेपूट ठेवून पुन्हा मारायची. दोन मिनिटांचं काम, कुणाला कळायचंही नाही. पण बोडस साहेब डबा घेऊन नेमके नाळीजवळच्या फळीवर बसले होते, दोराच्या वेटोळ्याला टेकून. त्यांना तिथे वारा बरा लागत होता. "साहेब, जरा उठता?" एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्यांनी 'का रे?' विचारलं असतं. दशरथची बायको पुतळाबाई हिने सगळ्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली होती, त्यातला एक घास भिकाजीच्या तोंडात तसाच फिरत राहिला. जेवण झाल्यावर करू, असं त्याने ठरवलं. साहेबांनी जेवण केलं, डबा धुतला, तिथेच बसून पेन्सिलीने एक तक्ता आखायला घेतला. एक वाजला. दोर हळूच उचलला गेला, सरळ झाला, आणि पुन्हा ताठ झाला. ती दोन मिनिटं गेली ती गेलीच.

आता ओढ उलटी होती. म्हातारी बेट होडीच्या पाठीमागे दोनशे पावलांवर, आणि पाणी तिकडेच धावत होतं. पाणी उतरेल तसे एकेक खडक बाहेर येत होते, काळे, कालवांच्या शिंपल्यांनी धारदार झालेले. त्यांच्यावर पाणी फुटत होतं त्याचा आवाज दुपारभर वाढत गेला.

"लहू," भिकाजीने हळूच विचारलं, "समज, समज हां, नांगराचा दोर गेला तर?"

"तर काय?" लहूने विडी पेटवली. "म्हातारी पोटाशी घेल. शिप्यांनी सोलून काढेल, मंग खवळं बी काढायला नको." आणि मोठ्याने हसला.

दोन वाजता एक बोट. तीनला अर्धं.

तीन वाजून गेल्यावर भिकाजीने, त्याच्या मानाने, एक अचाट गोष्ट केली. पिशव्या बांधायची सुतळी खिशात घालून तो गुडघ्यांवर रांगत नाळीपाशी गेला आणि पोटावर पालथा पडला. शेपटं सुतळीने दोराला करकचून आवळली तर गाठ अजून तीन तास टिकली असती. त्याने हात पुढे केला. हात पुरला. खाली पाणी होतं, गढूळ, नुसतं पळणारं, आणि ते बघायचं नाही असं ठरवून त्याने ते बघितलं. बोटं, जी अंधारातसुद्धा तार जोडायची, ती थरथर कापायला लागली आणि सुतळीचा गुंडा निसटला. तो पाण्यावर पडला आणि बघता बघता होडीच्या बाजूने मागे गेला, खडकांकडे. किती जोरात गेला ते भिकाजीने पाहिलं. तो तसाच उलटा रांगत आला.

"काय रे, उलटी?" बोडसांनी विचारलं.

"होय साहेब. वाईच."

हे खोटं बोलताना त्याला स्वतःची शिसारी आली. चार माणसं होती होडीत. दशरथ सुकाणूला टेकून डोळे मिटून बसला होता. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, आपल्या दोरावर भरवसा ठेवून निवांत. त्याच्या घरी पुतळाबाई संध्याकाळी वाटेकडे बघणार होती. वाकोल्यात वनमाला बघणार होती. आणि भिकाजी नोकरी सांभाळत बसला होता! बुडालेल्या माणसाला पर्मनंट करतात का? हा विचार त्याला सुचला तेव्हा साडेतीन वाजत होते, आणि ओहोटी ऐन भरात होती.

त्याने नाळीकडे पाहिलं. शेपटं दिसतच नव्हती.

घाबरला की भिकाजीची भाषा गावाला जायची. तो उभा राहिला, होडीत पहिल्यांदाच कशालाही न धरता, आणि गळा फाटेल एवढ्याने ओरडला, "गाठ सुटता! नाखवानू, माझी गाठ सुटता! माझी गाठ!"

"लहू, मशीन!" म्हणत दशरथ पुढे झेपावला. लहूने हँडल मारलं. मशीन ठसकलं आणि बंद पडलं. दशरथ नाळीपाशी पोचला, त्याने वाकून गाठीच्या पलीकडचा दोर धरायला हात घातला, आणि त्याच्या बोटांपुढून दोराचं टोक सुळकन निघून गेलं. होडीने मान फिरवली आणि आडवी झाली. पाण्याने तिला उचललं आणि न्यायला सुरुवात केली.

भिकाजी खाली बसला, मशीनचं झाकण छातीशी धरून. त्याला खडकांवर फुटणारं पाणी ऐकू येत होतं, बघायची हिंमत नव्हती. लहूने दुसऱ्यांदा हँडल मारलं. काही नाही. बोडस साहेब मोठ्याने "अरे देवा, अरे देवा" म्हणत होते, आणि वेग मोजायच्या त्या परदेशी यंत्राचा गोळा मागच्या तारेला लोंबत होता. तो खालच्या कपारीत अडकला. होडीला हिसका बसला, ती एका बाजूला कलली, काठावरून पाणी आत आलं. दशरथने कोयता उचलला आणि तार तोडली. साहेब काही म्हणायच्या आत यंत्र गेलं तळाला. तिसऱ्या वेळी मशीन लागलं. सुकाणू एकदा खडकाला खरवडलं, तो आवाज भिकाजीला दाढेत जाणवला, आणि मग होडी पाणी कापत बाहेर निघाली.

धक्क्याला उतरताना दशरथने होडीवर उरलेलं दोराचं टोक उचलून पाहिलं. गाठीचा वळसा त्यावर अजून तसाच होता, आणि टोक पातीने स्वच्छ छाटलेलं. त्याची जाळी त्याच गाठीने विणलेली असायची, त्यामुळे त्याला सांगायला नको होतं. तो भिकाजीजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "एवढंच शेपूट? आरं, दोराला वीतभर ठेवतात." बस्स. रागावला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोडसांचा रिपोर्ट वर गेला. नाखव्याचा दोर जुना व सदोष असल्यामुळे यंत्र गमावलं, सबब सदर होडी पुढे कामावर घेऊ नये. भिकाजीने तो वाचला कारण फाइल नेऊन द्यायचं काम त्याचंच होतं. दुपारी लहू भाड्याचे कागद घ्यायला आला. त्याच्या तोंडावर नेहमीचं हसू नव्हतं. "दाजी बंदरावर येतच नाय," तो म्हणाला. "सगळी म्हनतात, दशरथचा दोर गेला. म्हावऱ्याला येनारे आमचे दोन खलाशी दुसऱ्या होरीवर गेले. मी बोललो, दाजी, सांगा ना गाठ कोनाची व्हती. तर म्हनतो, होरी माझी तर गाठ माझी. आपला रिवाज हाय तो."

त्या रात्री भिकाजीने वनमालाला सगळं सांगितलं. तिने पोरींच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "गप रवा. पर्मनंट होवंदे, मगे काय ता सांगा. पोरींकडे बघा." तिचीही चूक नव्हती. मणी तिने विकले होते.

पण पर्मनंट झाल्यावर सांगायचं म्हणजे कधीच सांगायचं नाही, हे भिकाजीला पक्कं ठाऊक होतं. जेवण झाल्यावर करू म्हणाला होता त्याचं काय झालं? सकाळी तो बोडसांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, ती गाठ माझी होती. शेपूट मी कापलं. नाखव्याचा दोष नाही."

बोडसांनी उठून दार लावलं. "गाठ कुणाची, हे तुला कुणी विचारलंय का?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "तू बांधलीस, मग कुणी बांधायला सांगितली, मग नाखवा परत जाऊन दोर आणतो म्हणत असताना का सांगितली... हे कुठपर्यंत जाईल कळतंय तुला? जा, जागेवर बस. तुझं एप्रिलचं मी बघतो." त्यांच्या हातातल्या पेनाचं टोपण पडलं आणि ते उचलताना त्यांची बोटं कापत होती. भिकाजी ती बोटं बघत राहिला. असं कापणं त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. एवढा शिकलेला, एवढ्या मोठ्या टेबलामागचा माणूस, आणि आपल्यासारखाच टरकलाय! याने भिकाजीला धीर आला म्हणावं तर तसं नाही. उलट पाचावर धारण बसली. वरचेच असे घाबरलेले असतील तर आपल्याला कोण सोडवणार?

तो जागेवर जाऊन बसला नाही. बाहेरच्या खोलीत विमलाबाई टाइप करत होत्या, ऑफिसातला आलागेला प्रत्येक कागद त्यांच्याच हातून नोंदवला जाई. भिकाजी त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माझा एक जबाब टाइप करून द्या. थेट वरच्या साहेबांना."

तो सांगत गेला, त्या टाइप करत गेल्या. दोर झिजला होता, नाखवा दुसरा आणतो म्हणाला. गाठ मी मारली. शेपूट मी दोन बोटांवर छाटलं. आठ वाजता मला कळलं की सरकतंय, आणि साडेतीनपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही. इथे विमलाबाईंची बोटं थांबली.

"हे शेवटचं कशाला घालता? हे तर कुणालाच माहीत नाही."

"घाला."

"आणि गाठ बोडस साहेबांनी मारायला लावली, हे?"

भिकाजी विचारात पडला. साहेबांवर ढकलायची ही सोन्यासारखी संधी होती, आणि तो नाही म्हटलं तरी माणूसच होता. "साहेब 'बांध' म्हणाले, तेवढं लिहा," तो शेवटी म्हणाला. "'शेपूट काप' नव्हते म्हणाले. जेवढं झालं तेवढंच."

त्या कागदाचं पुढे काय झालं तेही सांगून टाकलेलं बरं. चौकशी झाली. शिमग्यानंतर दशरथची होडी परत कामावर आली आणि बंदरावर खरी गोष्ट कळली. खलाशी परत आले. बोडसांची बदली झाली. भिकाजी चार वर्षं रोजंदारीवरच राहिला, आणि वनमाला त्याच्याशी पंधरा दिवस बोलली नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होतं ते एवढंच की नोकरी गेली.

सही करताना पेन कागदावर टेकेना. विमलाबाईंनी कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. भिकाजी तळेकर ही दोन नावं लिहायला त्याला कितीतरी वेळ लागला, आणि अक्षरं अशी वेडीवाकडी की बँकेने परत केली असती. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. विमलाबाईंना त्याची दया आली. हातातला शिक्का तसाच धरून त्या म्हणाल्या, "अजून वेळ आहे हां भिकाजी. नोंद झाली की मागे घेता येणार नाही. बघा, आणि एवढं घाबरू नका."

"भ्या तर वाटतलाच, बाई," भिकाजी म्हणाला. "तुमी शिक्को मारा."